उसाचं कांडं आणि पोकळ दात: रूट कॅनालनंतर आतून केलेल्या ब्लीचिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी २६ वर्षांची. नोकरी पुण्यात, घर आमच्या तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, दाताचं मात्र सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे.

बाराव्या वर्षी खो-खो खेळताना तिचं तोंड खांबावर आपटलं. ओठ फुटला, वरचा डावा पटाशीचा दात हलला. रक्त थांबलं आणि घरचे विसरून गेले. दोन वर्षांनी त्या दाताच्या वर हिरडीवर पुळी आली, तेव्हा कळलं की आतली नस कधीच मेली आहे. एका दवाखान्यात रूट कॅनाल झालं आणि ते छान टिकलं. बारा वर्षांत दात एकदाही ठणकला नाही. फक्त काळवंडत गेला. कॉलेजच्या ओळखपत्रापासून साखरपुड्यापर्यंतच्या प्रत्येक फोटोत ती ओठ मिटून हसलेली आहे. हे तिने सांगितलं नव्हतं, तिच्या आईने मोबाइल पुढे धरून दाखवलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आई म्हणाली, "डॉक्टर, पोरीचं लग्न ठरलंय, माघातला मुहूर्त आहे. त्या दातावर कॅप टाकून द्या, म्हणजे मिटलं."

मुलीने हळूच विचारलं, "कॅपसाठी चांगला दात घासावा लागतो ना? हा तर फक्त काळा झालाय, मोडलेला नाहीये."

तिच्या या प्रश्नामुळेच आम्ही कॅपच्या वाटेला गेलो नाही.

अडचण नेमकी काय होती

दात काळा पडण्याचं कारण बहुतेक वेळा आतच असतं. मार लागला की नसेतलं रक्त डेंटिनच्या (दाताच्या बाहेरच्या कवचाखालच्या थराच्या) बारीक नळ्यांत शिरतं, त्यातलं हिमोग्लोबिन फुटतं आणि लोहाची काळपट संयुगं तिथेच अडकून बसतात. नसेचे अवशेष कोपऱ्यात राहून गेले, तर तेही कुजत रंग सोडत राहतात. हा डाग बाहेरून कितीही घासला तरी जात नाही.

तिच्या एक्स-रेत मुळातलं भरण शेंड्यापर्यंत नीट गेलेलं होतं आणि मुळाभोवती हाड निरोगी होतं. पण गटापर्चा (मुळात भरायचा रबरासारखा पदार्थ) मुळाशी न थांबता दाताच्या वरच्या भागातही तसाच सोडलेला होता. शेड गाईडवर, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या पट्टीवर, शेजारचा दात ए-२ आला, हा सी-४, म्हणजे खूपच गडद. प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) हिरडीची खोली सहा ठिकाणी मोजली, कुठेही तीन मिलिमीटरच्या वर गेली नाही. मागून प्रकाश टाकून चीर शोधली, सापडली नाही.

रंगाचा प्रश्न सोपा होता. माझी खरी काळजी होती दात किती उरला आहे याची. चौदाव्या वर्षी केलेलं रूट कॅनाल म्हणजे नस रुंद, भिंती पातळ, आणि आत शिरायला मागून पाडलेलं भोकही मोठं. भोकातून जाडी मोजायच्या कॅलिपरचा एक पाय आत घातला. ओठाकडची भिंत मध्यावर जेमतेम दोन मिलिमीटर भरली. टाळूकडची भिंत नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात मिलिमीटरभरच होती. तो आकडा मी केसपेपरवर लिहिला. त्याचा अर्थ मला दहा दिवसांनी समजला.

ताकदीबद्दल काय ठाऊक आहे

'रूट कॅनाल केलं की दात सुकतो आणि ठिसूळ होतो,' असं पेशंटच नाही, आम्हीही म्हणत आलो. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर यांनी रूट कॅनाल केलेले २३ दात त्याच व्यक्तींच्या दुसऱ्या बाजूच्या जिवंत दातांशी ताडून पाहिले. डेंटिनच्या गुणांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दात दुबळा होतो तो मुख्यतः आपण जे कोरून काढतो त्यामुळे. त्याआधी, १९८९ मध्ये, रीह, मेसर आणि डग्लस यांनी उपदाढांवर मोजलं होतं. रूट कॅनालसाठी पाडलेल्या भोकाने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के कमी झाला, पण दोन्ही बाजूंच्या कडा कापणाऱ्या मोठ्या खड्ड्याने तो ६३ टक्क्यांनी घसरला.

ब्लीचिंगचं, म्हणजे दात उजळवायचं, औषध यात आणखी एक भर घालतं. डेंटिनचा वजनाने सुमारे ७० टक्के भाग खनिज, २० टक्के कोलॅजनसारखं सेंद्रिय द्रव्य आणि उरलेलं पाणी. औषधातून सुटणारा ऑक्सिजन डागाच्या रेणूंना तोडतो, तेव्हा कोलॅजनला तो वेगळं ओळखत नाही. काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांत ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने, विशेषतः उष्णता दिली किंवा औषध बरेच दिवस आत ठेवलं तर, डेंटिनचा कठीणपणा आणि ताण सोसण्याची क्षमता कमी झालेली दिसते. सोडियम परबोरेट पाण्यात कालवून वापरलं तर हा परिणाम पुष्कळ सौम्य असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चिकटण्याची. ब्लीचिंगनंतर ऑक्सिजन काही दिवस नळ्यांत राहतो आणि तो रेझिनला पूर्ण घट्ट होऊ देत नाही. लगेच कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) भरलं तर दिसायला सुरेख, पण भिंतीला धरलेलं नसतं. आणि पातळ भिंतींना आधार देणारं तेवढंच असतं. एक ते तीन आठवडे थांबलं की पकड परत येते.

पर्याय

कॅपचा पर्याय मी आईला खोडून काढला. पातळ भिंती बाहेरूनही घासल्या तर कॅपच्या आत उरणार एक बुटकी नळी. मग तिला पोस्ट (मुळात बसवायची काडी) हवा, पोस्टसाठी मूळ कोरायला हवं, आणि २६ व्या वर्षी सुरू झालेली ही साखळी पन्नाशीत इम्प्लांटपाशी संपते. "मोडला तर कॅप आहेच, ती कुठे जात नाही," असं त्यांना सांगितलं.

पुढून पातळ व्हेनिअर (दातावर चिकटवायचा पापुद्रा) लावता आलं असतं, पण मागचा सी-४ त्यातून झिरपला असता. तो झाकायचा म्हणजे व्हेनिअर जाड, आणि जाड म्हणजे पुन्हा घासणं. काहीच न करणं हाही एक रास्त पर्याय होता. तो मी मुलीला आईसमोरच सांगितला, कारण लग्नाच्या घाईत हा पर्याय कुणी उच्चारत नाही. ती म्हणाली, "लग्नासाठी नाही डॉक्टर, मला स्वतःलाच हसायचंय."

राहिलं आतून ब्लीचिंग. औषध कोणतं, हा त्यातला पुढचा निर्णय. १९६१ मध्ये स्पासर यांनी सोडियम परबोरेट पाण्यात कालवून दातात बंद करायची पद्धत मांडली. नटिंग आणि पो यांनी १९६३ मध्ये पाण्याऐवजी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं, म्हणजे काम लवकर होतं. पण १९७९ मध्ये हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी अशा ब्लीचिंगनंतर दाताच्या गळ्याशी बाहेरून मूळ कुरतडलं गेल्याची प्रकरणं नोंदवली, आणि लहानपणी मार लागलेले दात त्यात ठळक होते. काही दातांत इनॅमल (दाताचं बाहेरचं कवच) आणि सिमेंटम (मुळावरचं आवरण) एकमेकांना भिडतच नाहीत, मधे डेंटिन उघडं राहतं. पेरॉक्साइड तिथून बाहेर हिरडीखाली पाझरतं. माझ्यासमोरच्या दातालाही बाराव्या वर्षी मार लागला होता. त्यामुळे जोरदार पेरॉक्साइड नको आणि उष्णता तर नकोच, हे ठरवायला मला वेळ लागला नाही.

परबोरेटचं एक सांगायला हवं. बोरॉनची संयुगं प्रजननाला अपायकारक मानून युरोपीय संघाने ते अशा वापरातून बाद केलं आहे, तिथे कार्बामाइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. म्हणून गरोदरपणाबद्दल मी आधी विचारतो. तिलाही आईला बाहेर बसवून विचारलं.

काय केलं

रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) लावून मागून दात उघडला. जुनं सिमेंट काढलं आणि भिंग लावून आत पाहिलं. दोन्ही वरच्या कोपऱ्यांत, नसेची शिंगं असतात तिथे, तपकिरी गाळ तसाच होता. गूळ तळाशी लागलेल्या पातेल्याच्या कडेसारखा. तो काढून कोपरे साफ केले, फक्त तेवढेच. इथे हात आवरावा लागतो, कारण काळं डेंटिन बरने (कोरायच्या फिरत्या टोकाने) खरवडून काढायचा मोह होतो. खरवडलेलं डेंटिन परत येत नाही, आणि काळं डेंटिन औषधाने पांढरं होतं.

गटापर्चा गरम उपकरणाने हिरडीच्या पातळीखाली, इनॅमल संपतं तिथून आणखी तीन मिलिमीटर आत उतरवला. वर दोन मिलिमीटर ग्लास आयनोमरचा (दाताला चिकटणाऱ्या सिमेंटचा) बांध घातला. हा बांध सपाट घालून चालत नाही. इनॅमलची सीमा दाताच्या दोन्ही बाजूंना वर चढते आणि समोर खाली उतरते, बांधाची वरची कडाही तशीच हवी. बाहेरून प्रोबने तीन ठिकाणी सीमा मोजून आत तीच उंची धरली. सपाट बांधाच्या वर बाजूंना जी खाच उघडी राहते, औषध पाझरतं ते नेमकं तिथून.

परबोरेट निर्जंतुक पाण्यात ओल्या वाळूइतकं घट्ट कालवलं, आत दाबलं, कापसाच्या बोळ्याने जादा पाणी टिपलं. वर तात्पुरतं सिमेंट भरलं. युजेनॉल (लवंगेच्या तेलातलं द्रव्य) असलेलं टाळलं, कारण युजेनॉलही पुढे रेझिनला घट्ट होऊ देत नाही. जे वापरलं ते लाळेने कडक होणारं साधं सिमेंट. त्याचा थर तीन मिलिमीटर तरी हवा. माझा दोनच्या आसपास बसला, कारण औषधाला जागा जास्त द्यावीशी वाटली. निघताना सांगितलं, "कडक काही खाऊ नकोस."

आठवड्याने ती आली तेव्हा दात ए-३.५ च्या जवळ होता. आरशात बघून तिने तोंडावर हात नेला आणि मग खाली घेतला. औषध बदललं, तेच सिमेंट, तेवढाच थर.

तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

तीन दिवसांनी सकाळीच फोन आला. आदल्या संध्याकाळी घरी तुळशीचं लग्न झालं. आमच्याकडे तुळशीवर उसाचा मांडव घालतात आणि दुसऱ्या दिवशी तोच ऊस अंगणात बसून सगळे खातात. तिने भावंडांबरोबर कांडं घेतलं आणि लहानपणापासून सोलते तसं पुढच्या दातांनी सोललं. कट्ट आवाज आला. तिला वाटलं ऊसच मोडला, मग जिभेला धार लागली.

टाळूकडची, नाकाच्या बाजूची भिंत तुटली होती, साधारण तीन बाय दोन मिलिमीटरचा कपचा. मिलिमीटरभर जाडीचा जो कोपरा मी लिहून ठेवला होता, तोच. सिमेंटची एक कड निघून गेली होती. ती उसामुळे गेली, की आधीच सैल होऊन तिने भिंतीचा आधार काढला, हे बघून सांगता येत नव्हतं. थर पातळ होता एवढं मात्र खरं.

आई घाबरली होती. "दात गेला का हो?" मीही आतून तेच तपासत होतो. चीर हिरडीखाली मुळात उतरली असेल तर दात वाचत नाही. प्रोब सगळीकडे दोन-अडीच मिलिमीटरवर थांबला. प्रकाश टाकला तर तुटीपलीकडे सावलीची रेघ दिसली नाही. एक्स-रे स्वच्छ, बांध जागेवर. दात शाबूत होता, आणि शेड ए-३ पर्यंत आली होती.

पुन्हा निर्णय

तिची इच्छा होती की अजून एकदा औषध भरावं, कारण ए-२ एकच पायरी दूर होतं. आईची इच्छा होती की आजच पक्कं भरून टाका, पोरगी रविवारी पुण्याला निघणार.

आज पक्कं भरलं तर तुटलेल्या भिंतीची सगळी मदार ऑक्सिजनने भरलेल्या डेंटिनला धरलेल्या कॉम्पोझिटवर राहणार. पुन्हा औषध भरलं तर आणखी आठवडा दात पोकळ, आणि आता एक भिंत कमी. सोडियम अॅस्कॉर्बेटने ऑक्सिजन निवळवून त्याच दिवशी भरण्याचा एक मार्ग प्रयोगांत चांगला निघालेला आहे. तो वापरावा असं क्षणभर वाटलं. पण लग्न माघात, हातात अडीच महिने. घाई फक्त रविवारच्या गाडीची होती.

औषध थांबवलं. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि वर भरपूर जाड ग्लास आयनोमर भरला. हे सिमेंट दाताच्या खनिजाशी रासायनिक रीतीने जुळतं, रेझिनसारखं ऑक्सिजनपुढे अडत नाही, म्हणून मधल्या काळात भिंतींना खरा आधार देतं. कार्बन पेपर लावून पाहिलं आणि खालचा जबडा पुढे सरकवताना त्या जागेवर पडणारा दाब काढला.

दोन आठवड्यांनी शनिवारी ती पुण्याहून आली. आतलं काढून स्वच्छ केलं आणि थराथराने कॉम्पोझिट भरून टाळूकडची भिंत पुन्हा उभी केली. आतला थर मुद्दाम बी-१ चा, म्हणजे शेजारच्या दातापेक्षा उजळ घेतला. पातळ भिंतीमागे उजळ थर असला की दात पुढून एखादी पायरी खुलतो. तिला हवा असलेला ए-२ तिथून मिळाला, औषधाची तिसरी फेरी न करता. फायबर पोस्ट घातला नाही. पोस्टमुळे दात मजबूत होतो हा समज चिवट आहे. पोस्ट वरच्या भरणाला धरून ठेवतो, आणि त्यासाठी मूळ कोरावं लागलं तर दात कमजोरच होतो. इथे धरून ठेवायला पुरेसं इनॅमल शिल्लक होतं.

वेगळं काय केलं असतं

तुटीचा दोष मी औषधाला देत नाही. पाण्यात कालवलेलं परबोरेट दहा दिवसांत भिंत पोखरेल असं मला वाटत नाही. भिंत आधीच पातळ होती, तिला आतून आधार नव्हता, आणि उसाचा पिळा पडला. पण हा पोकळपणा मीच दिला होता आणि त्या काळाची जबाबदारी माझी होती.

कॅलिपरने मिलिमीटर दाखवला त्याच दिवशी त्या कोपऱ्याला आतून ग्लास आयनोमरचं अस्तर द्यायला हवं होतं. टाळूकडची भिंत कुणाला दिसत नाही, ती पांढरी होण्याची गरजच नव्हती. औषध फक्त ओठाकडच्या भिंतीला लागलं असतं तरी पुरलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही याची रुखरुख आहे. तात्पुरतं सिमेंट तीन मिलिमीटरच्या खाली कधीच नको, औषध कमी बसलं तरी चालेल.

आणि 'कडक काही खाऊ नकोस' हे सांगणं फार ढिलं होतं. ऊस आमच्याकडे कुणी कडक धरत नाही. कडक म्हणजे चिक्की, सुपारी, हाडूक. ऊस रसाळ, गोड, लहान पोरांना देतात तो. तिने माझं ऐकलंच होतं, तिच्या समजुतीप्रमाणे. आता मी नावं घेऊन सांगतो: ऊस सोलायचा नाही, पेरू अख्खा चावायचा नाही, शिळी भाकरी पुढच्या दाताने तोडायची नाही, कणीस दाणे सोलून खायचं. मोसम बघून यादी बदलतो. दिवाळी ते मार्च ऊस सगळ्यात वर.

तिच्या सुट्टीत बसवायचं म्हणून उपचार दिवाळीला सुरू केला, तेही टाळता आलं असतं. वर्षातल्या सगळ्यात खाण्याच्या पंधरवड्यात पुढचा दात पोकळ ठेवण्यात शहाणपण नव्हतं.

पुढे

सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढला. गळ्याशी मूळ कुरतडल्याची खूण नाही, भरणाची कड घट्ट. असं कुरतडणं वर्षानुवर्षं मुकाट चालू शकतं, म्हणून दात दुखत नसला तरी दरवर्षी यायचं हे तिने मान्य केलं आहे.

गेल्या महिन्यात दोन वर्षांची तपासणी होती. दात अर्धी पायरी मंद झाला आहे. तिला जाणवलं नव्हतं, आईने दाखवलं. असा रंग थोडा परतणं नेहमीचं आहे आणि बाहेरून ट्रेमधून सौम्य जेल लावून तो उजळता येतो, दात पुन्हा उघडावा लागत नाही. पण ती पाचव्या महिन्यात आहे, त्यामुळे जेल आत्ता नाही, आणि तक्रार नसताना एक्स-रेही पुढे ढकलला. प्रोब फिरवला, सगळीकडे अडीच मिलिमीटर. तुटलेल्या कोपऱ्यावरचं कॉम्पोझिट बोटाला गुळगुळीत लागतं. बाळंतपणानंतर माहेरी असतानाच एक्स-रे काढायचा असं ठरलं आहे. ऊस ती आता कोयत्याने गंडेऱ्या करून खाते.